बिनठिणगीचं इंजिन

दामिनीनं अट घातली तेव्हा घरात कोणी भांडलं नाही, आणि तिला तेच जास्त लागलं. मार्च महिन्यातली भर दुपार होती, पानं वाढून झाली होती, आणि तिनं भाजीचं पातेलं खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं, "यंदाच्या पावसाळ्यात जीप नाला ओलांडून हमखास डांबरी रस्त्याला लागणार असेल, तर मी इथं राहते. नाही तर जुलैपासून दिवाळीपर्यंत आचलला घेऊन अमरावतीत खोली करते. खोली पाहून ठेवलीय."

नवरा नितेश वरणात भाकर कुस्करत राहिला. सासूबाई, आशाबाई, यांनी नातीच्या तोंडाला लागलेलं वरण पदरानं पुसलं. सासरे खुशालराव पानावरून उठले, हात धुतले आणि अंगणातल्या जीपच्या बोनेटवर ओलाच हात ठेवून उभे राहिले. म्हातारा माणूस बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा.

घर वलगावच्या पुढं, डांबरी रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत, वावरातच होतं. चारही बाजूंनी संत्र्याची बाग, आणि बाहेर पडायला एकच पांदण. उन्हाळ्यात त्या पांदणीवरून लहान पोरानंही सायकल हाकावी. पण दोन पाऊस झाले की काळी माती अशी काही फुगायची की मोटारसायकलच्या चाकात चिखलाचा गारा भरून चाक जागीच बसायचं. त्यात मध्ये नाला. ट्रॅक्टर जायचा, पण तापातलं पोर मांडीवर घेऊन उघड्या ट्रॅक्टरवर भर पावसात बसणार कसं? उरली जीप. खुशालरावांनी बावीस वर्षांपूर्वी लिलावात घेतलेली, चारही चाकांना जोर लावणारी छोटी पेट्रोल जीप. दिसायला टोलेजंग नव्हती, पण पांदणीत तिचा दरारा होता.

आचल तीन वर्षांची. ताप चढला की तिला झटका यायचा. "पुष्कळ मुलांना येतो, पाच-सहा वर्षांची झाली की जातो, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले होते. "झटका आला की कुशीवर निजवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांच्या वर गेला तर लगेच दवाखान्यात आणा. ताप, वेळ, सगळं लिहून ठेवत जा." घाबरू नका म्हणणारे डॉक्टर कधी त्या पांदणीनं आले नव्हते. गेल्या ऑगस्टमध्ये जीप नाल्याच्या बरोबर मधोमध बंद पडली होती. नितेश बनियन काढून इंजिनातल्या वायरी पुसत होता, खुशालराव पाण्यात उभे राहून "आता होते, आता होते" म्हणत होते, आणि दामिनी मागच्या सीटवर ताठ झालेलं पोर कुशीवर धरून मनगटावरचं घड्याळ पाहत होती. चार मिनिटांनी झटका आपसूक थांबला. जीप सोळा मिनिटांनी सुरू झाली. घरातले बाकीचे त्यातली चार मिनिटं लक्षात ठेवून होते. दामिनीच्या डोक्यात सोळा होती.

खुशालरावांनी उत्तर शब्दांनी दिलं नाही. आठ दिवसांनी ते अमरावतीहून पिकअपमध्ये एक भलंमोठं डिझेल इंजिन टाकून आले. कुठल्याशा मोडीत निघालेल्या मालवाहू गाडीचं. उतरवायला सहा माणसं लागली.

"पाह्य सूनबाई," ते म्हणाले, "आता नाल्याची काय बिशाद हाय! हे इंजिन त आपली विहीर ओढून बाहीर काढते."

"पण बाबा, जीपमध्ये मावेल का ते?"

"न मावाले काय झालं? सत्तार बसवून देते. अकोल्याले त्यानं अशा कित्येक गाड्या डिझेल करून देल्या."

दामिनीचं माहेर अकोल्याचं. बी.एस्सी. तिथंच केलेलं. अब्दुल सत्तार मिस्त्रींचं नाव तिनं वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. तिनं दोन गोष्टी केल्या. इंजिन बदलायच्या परवानगीचा अर्ज आरटीओत आधी टाकायला लावला, तो मंजूर होईपर्यंत कुणाला पान्याला हात लावू दिला नाही. आणि मे महिन्यात जीप अकोल्याला निघाली, तेव्हा आचलला घेऊन तीही माहेरी निघाली.

"तू तथी गॅरेजमध्ये काय करशीन?" नितेशनं विचारलं.

"बघत बसेन."

"चाचाले कोणी बघत बसलेलं चालत नाही म्हणतात."

"मग नाही चालणार," ती म्हणाली आणि पिशवी भरू लागली.

सत्तारचाचांचं गॅरेज अकोटफैलच्या पुढं, कडुनिंबाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये होतं. चाचा साठीचे, बारीक अंगाचे, आणि त्यांचे हात मात्र दुसऱ्याच कुठल्या थोराड माणसाकडून आणल्यासारखे. त्यांनी खुशालरावांचं इंजिन चारही बाजूंनी पाहिलं, त्याच्यावर थाप मारली.

"चीज चांगली हाय खुशालभाऊ."

खुशालराव फुलले.

"पण हे मी बसवत नाही."

"काहून?"

"पोराच्या डोक्यावर पहिलवान बसवल्यासारखं होते. गाडीचं नाक गाऱ्यात जाते अन् तथीच राहते."

"अरे पण ताकद! ताकद कमी पडते ना हिची! गेल्या साली नाल्यात पाह्यलं ना आमी!"

"ताकद कमी पडली, का गाडी बंद पडली?"

"एकच झालं ना बाप्पा!"

दामिनी आतापर्यंत आचलच्या डोक्यावर ओढणी धरून उभी होती. तिनं पिशवीतून एक वही काढली. काढताना तिला लाज वाटली, कारण घरात त्या वहीची थट्टा व्हायची. डॉक्टरांनी ताप लिहायला सांगितला होता, ती सगळंच लिहीत गेली होती. "चाचा, हिच्यात आहे. जीप कधी अडली ते. तीन वर्षांचं."

चाचांनी चष्मा लावला. हाताला काळं होतं म्हणून पानं त्यांनी कोपरानं उलटली. जून, तारीख, वेळ. पाणी बंपरच्या खाली चार बोटं, नाल्यात बंद, अकरा मिनिटांनी सुरू. जुलै, पाणी बंपरला, नाल्याबाहेर पन्नास पावलांवर बंद. सप्टेंबर, पाणी नाही, चढावर फसली, मागं संत्र्याचे बारा कॅरेट.

शेवटच्या पानापर्यंत पोचून ते पुन्हा पहिल्या पानावर आले. खुशालरावांनी दोनदा घसा खाकरला.

"अकरा वेळा अडली," चाचा शेवटी म्हणाले. "नऊ वेळा बंद पडली, नवही वेळा पाण्यानं. दोनदा फसली, दोनही वेळा मागं माल होता. ताकद कमी पडली असं एकबी जागी नाही, खुशालभाऊ. हिले दोन दुश्मन हायेत, पाणी अन् वजन. तुमी वजन इकत घेऊन आले." मग वही दोन्ही हातांनी दामिनीला परत देत म्हणाले, "चाळीस साल झाले मले या धंद्यात. गिऱ्हाईक येते, म्हणते चाचा, गाडी चालत नाही. कधी चालत नाही, कुठं चालत नाही, कोणी सांगत नाही. बेटी, तू इथं खुर्ची टाकून बस. रोज ये."

जीप चालवत आलेल्या नितेशनं बायकोकडं पाहिलं. वहीची थट्टा करण्यात तोच पुढं असायचा.

खुशालरावांचं इंजिन दुसऱ्या दिवशी परत पिकअपमध्ये चढलं. त्याच्या जागी चाचांनी शेडमागून एका जुन्या डिझेल कारचं छोटं, हलकं इंजिन काढलं. खोलून, धुऊन, नवे रिंग घालून ठेवलेलं. "हिच्यात काम्प्युटर नाही," ते म्हणाले. "पंपबी साधा. अन् ठिणगी लागतच नाही."

"मग डिझेल पेटतं कसं?" दामिनीनं विचारलं. तिला ते पुस्तकातून ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून हवं होतं.

"सायकलीत हवा भरली का कधी? पंप मारून मारून खालची नळी गरम होते ना? तसंच. इंजिन हवा अशी दाबते, अशी दाबते, का ती तापून लाल होते. मंग डिझेलचा फवारा आला का भडकलाच. तुमच्या पेट्रोलले ठिणगी लागते, ठिणगीले वायर लागते, वायरीले पाणी लागलं का खेळ खतम. हिले एकदा चालू केली का बिजलीची गरजच नाही. बंद करासाठी दोरी ओढा लागते, ही पाहा. नाही ओढली त चालतच राहते."

चालतच राहते. दामिनीला ते दोन शब्द घरी नेऊन उशाशी ठेवावेसे वाटले.

मग ती रोज येऊ लागली. आचल आजीकडं, किंवा कडुनिंबाखाली नटबोल्टांची रांग लावत. अकोल्याचं ऊन पत्र्यावर वाजत असायचं, आणि चाचा ओला रुमाल मानेवर टाकून काम करायचे. दामिनीला वाटलं होतं, इंजिन बदलणं म्हणजे जुनं काढा, नवं ठेवा, बोल्ट आवळा. पण नवं इंजिन एका कंपनीचं, जीपचा गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा. एकाची भोकं दुसऱ्याच्या भोकांवर येत नव्हती. दोघांच्या मध्ये एक जाड लोखंडी प्लेट बसवायची होती, एका तोंडानं इंजिनाशी आणि दुसऱ्या तोंडानं गिअरबॉक्सशी जुळणारी. चाचांनी आधी पुठ्ठा घेतला. इंजिनाच्या तोंडावर धरून छोट्या हातोडीनं कडेकडेनं असा ठोकला की पुठ्ठ्यावर भोकन् भोक उमटलं. तसाच दुसरा पुठ्ठा गिअरबॉक्सचा. दोन्ही एकमेकांवर ठेवून, उजेडाकडं धरून ते कितीतरी वेळ पाहत राहिले. बायका साडीचं सूत उन्हात धरून पाहतात तसे. मग लेथवर प्लेट कापून आणली, बसवली, आणि मधल्या दांड्याला घड्याळासारखं एक डायल लावून दांडा हातानं हळूहळू फिरवला.

डायलचा काटा थरथरला. एवढासा. दामिनीच्या डोळ्याला जेमतेम दिसला.

"जमलं!" नितेश म्हणाला. तो त्या दिवशी वरूडहून आला होता. संत्र्याच्या व्यापारामुळं आठवड्याचे बरेच दिवस त्याचं बिऱ्हाड तिकडंच असायचं. "चाचा, उद्या इंजिन ठेवून टाका आता."

चाचांनी प्लेट काढली आणि भंगारात टाकली.

"अहो चाचा! केसाएवढा फरक होता! इतकं कोण पाहते?"

"ही पाहते ना," चाचांनी दामिनीकडं बोट केलं. "केसाएवढा फरक आज हाय. दोन साल बाद तो क्लच खाऊन टाकते, अन् तेबी नाल्यातच खाते. दुसरी करतो."

दुसऱ्या प्लेटला डायलचा काटा हलला नाही. चाचांनी दांडा तीनदा फिरवला आणि मग बाजूला सरकून दामिनीला फिरवायला दिला. काटा आपल्या रेघेवर चिकटून राहिला. कॉलेजात तिनं प्रयोगशाळेत कितीतरी काटे वाचले होते, जर्नलात आकडे लिहिले होते. पण इथं, काटा रेघेवरच आहे हे कळूनही, तिनं दांडा आणखी एकदा फिरवला.

पुढचं सगळं तिनं असंच पाहिलं. नवं इंजिन जुन्यापेक्षा थोडं जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या कमानींना एकेक पातं वाढवलं. वापरून उरलेलं डिझेल टाकीत परत जायला वेगळी नळी टाकली. हवा ओढायची नळी बोनेटमधून वर काढून काचेच्या बाजूनं पार टपापर्यंत नेली. "हिले पाण्याचं भेव नाही, पण पाणी प्यायली का मरते," चाचांनी बजावलं. "चाकाच्या मधल्या नटाच्या वर पाणी असलं त नाल्यात उतरायचं नाही. कोणीबी सांगो." दामिनीनं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "नट धरायचा तो पुढच्या चाकाचा की मागच्या?" चाचांनी पाना खाली ठेवला. "आजवर हे कोणी पुसलं नव्हतं," ते म्हणाले. "पुढच्या."

जूनच्या पहिल्या आठवड्यात इंजिन सुरू झालं. टक टक टक टक करत सगळी शेड हलली. आचलनं कान झाकले आणि खदखदा हसली. खुशालराव जीप न्यायला आले होते, पण चाचांनी किल्ली दिली नाही.

"मी गाडी गॅरेजातून देत नाही. जिथं अडते, तिथं देतो. आरटीओवाल्यांले मी दाखवून घेतो, पाऊस पडू द्या, गारा होऊ द्या. मंग मले फोन करा."

गारा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. तीन दिवस झड लागली, चौथ्या दिवशी उघडली, आणि सत्तारचाचा जीप घेऊन वलगावच्या फाट्यावर हजर झाले. तोवर अमरावतीच्या घरमालकीणबाईंचे दोन फोन येऊन गेले होते. रविवारपर्यंत काय ते सांगा, नाही तर खोली दुसऱ्याला देते.

चाचांनी बंद जीप ट्रॅक्टरमागं बांधून नाल्याच्या घराकडच्या काठावर आणवली, आणि तिथं सगळं घर गोळा झालं. नितेश चाकावर बसला, खुशालराव शेजारी, चाचा मागं. पाणी पुढच्या नटाच्या खाली होतं. जीप उतरली, मधोमध पोचली, बोनेटखालून वाफ निघाली आणि दामिनीचा हात आपोआप घड्याळावर गेला. पण टकटक थांबली नाही. जीप पाणी कापत पलीकडं लागली. आशाबाईंनी टाळी वाजवली.

आणि मग पलीकडच्या चढावर, ओल्या काळ्या मातीत, चाकं जरा घसरली.

"रेस दे!" खुशालराव ओरडले. "दे ना रेस, पाहून काय राहिला!"

नितेशनं पाय दाबला. चारही चाकं भिरभिरली, गारा टपापर्यंत उडाला, आणि बघता बघता जीप पोटापर्यंत बसली. ट्रॅक्टर लावून ती मागं ओढावी लागली.

खुशालराव खाली उतरले ते धोतराला गारा लागलेला झटकत. "म्हटलं होतं ना, ताकद पाह्यजे म्हून."

"ताकदच जास्त झाली, खुशालभाऊ," चाचा म्हणाले. "पेट्रोलच्या गाडीले रेस नाही देली त ती चढावर मान टाकते. बावीस साल तुमी तिले रेस देऊन चालवली. आता इंजिन मी बदललं, पण तुमचे पाय कसे बदलू? रेस देली का चाक फिरते, फिरलं का खड्डा करते. या इंजिनले रेस लागत नाही. ते सोताहून चालते." त्यांनी हात पुसले. "बरं, गाडी चालवणार कोण?"

"नितेश अन् मी," खुशालराव म्हणाले.

"नितेश वरूडले. तुमची नजर मोतीबिंदूची. मंग?"

दामिनीकडं लायसन्स होतं. अकोल्याला ती वडिलांची कार चालवायची. पण त्या जीपच्या चाकावर घरातल्या बाईनं बसावं, असं इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या स्वतःच्याही नाही.

"ये बेटी," चाचा म्हणाले.

तिनं चपला काठावर काढल्या. सीट पुढं ओढली. चाचा शेजारी बसले. "हा बाजूचा दांडा ओढ, चढाचा लहान गिअर लागते. मंग पहिला. क्लच धीरे सोड. आता रेसवरचा पाय काढ."

"काढू? पूर्ण?"

"पूर्ण. खाली ठेव."

चढाच्या तोंडाशी जीप पोचली आणि तिचा पाय आपोआप पेडलवर गेला. चाचांनी नुसतं त्या पायाकडं पाहिलं. तिनं तो उचलून बाजूच्या पत्र्यावर ठेवला. इंजिनाचा आवाज जड झाला, खोल गेला. आता बंद पडणार असं वाटलं, आणि ते बंद पडलं नाही. एकेक चाक मातीत चाचपडत, धरत, सोडत, पुन्हा धरत, माणूस चालतो त्या चालीनं जीप चढ चढून वर आली. दामिनीला तो पुठ्ठा आठवला, उन्हात धरलेला, आणि भंगारात टाकलेली ती पहिली प्लेट.

"झालं," चाचा म्हणाले. किल्ली त्यांनी तिच्याच हातात दिली.

नितेश त्या संध्याकाळी म्हणाला, "मंग फोन करतेस घरमालकीणबाईले?"

"रविवार आहे अजून."

"आता काय राह्यलं? पाह्यलं ना सगळ्यांनी."

"चाचा शेजारी होते. आचल काठावर आईंजवळ हसत उभी होती. त्याला काय अर्थ आहे?" ती म्हणाली. नितेश हिरमुसला, पण दुसऱ्या दिवशी वरूडला जाताना त्यानं जीपची टाकी भरून ठेवली.

गुरुवारी दुपारी तीनला आचलचं अंग तापलं. साडेतीनला थर्मामीटरनं एकशे तीन दाखवलं. औषध पाजलं, अंग पुसून काढलं, ताप हटेना. बाहेर पाऊस सकाळपासून लागलेला. दामिनीनं आशाबाईंना मागं बसवलं, आचलला त्यांच्या मांडीवर कुशीवर दिलं, मनगटावरचं घड्याळ काढून सासूच्या हातात ठेवलं. खुशालराव काठी घेऊन शेजारी बसले.

नाल्याशी ती थांबली. "बाबा, पाणी बघा."

खुशालराव काठी टेकत मधोमध जाऊन आले. भिजलेल्या पायावर त्यांनी बोट ठेवून दाखवलं. नडगीच्या निम्म्यावर. ती उतरली, पुढच्या नटाशी वाकून तेवढं माप धरून पाहिलं. नटाच्या खाली तीन बोटं. तिनं लहान गिअर टाकला.

पाणी ओलांडलं. आणि चढाला पहिलं चाक लागलं, तेवढ्यात मागून आशाबाईंचा आवाज आला, "दामिनी, तिनं डोये फिरवले वं!"

"कुशीवरच ठेवा. तोंडात काही घालू नका. मोजा."

"घड्याय दिसून नाही राह्यलं मले, हात हालून राह्यला!"

"तोंडानं मोजा, आई!"

"एक, दोन, तीन..." आशाबाई रडत रडत मोजू लागल्या. जीपचं मागचं अंग घसरत कडेला गेलं. संपूर्ण गाडी पांदणीच्या बांधाकडं तिरपी झाली.

"रेस दे, पोरी!" खुशालराव किंचाळले. "रेस दे, नाही त बसते!"

दामिनीचा उजवा पाय पेडलवर होता. तो तिचा राहिलाच नव्हता. तिच्या अंगातली सगळी भीती त्या एका तळव्यात उतरली होती आणि खाली, खाली दाबू म्हणत होती. मागं लेकरू ताठ झालेलं, सासू पस्तीस, छत्तीस म्हणत होती.

"बाबा, एक शब्द बोलू नका," ती म्हणाली. सहा वर्षांत सासऱ्यांना ती असं कधी बोलली नव्हती. आणि तिनं पाय उचलून पत्र्यावर ठेवला.

आवाज जड झाला. खोल गेला. जीप जागच्या जागी थरथरत उभी राहिली. एवढा एक क्षण दामिनीनं नुसतं ऐकलं. इंजिन चालूच होतं. मग पुढच्या डाव्या चाकाला मातीखालचा मुरूम सापडला असावा. नाक सरळ झालं, मागचं अंग हळूच ओळीत आलं, आणि जीप आपल्या चालीनं वर सरकू लागली. एक्क्याण्णव. ब्याण्णव. चढ संपला. एकशे चाळीसला आशाबाईंचं मोजणं अडखळलं.

"आई?"

"सैल झाली. सैल झाली वं माय. रडून राह्यली आता."

खरंच, आचल रडत होती. दामिनीनं मागं पाहिलं नाही. डांबरी रस्ता लागल्यावर तिनं मोठा गिअर टाकला आणि पाय पेडलवर ठेवला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. व्हायरल ताप, घाबरायचं कारण नाही, सकाळपर्यंत इथंच राहू द्या. या खेपेला ते "घाबरू नका" दामिनीला ऐकू आलं. आचलला सलाईन लागलं आणि ती झोपली. बाहेरच्या बाकावर खुशालराव शेजारच्या कोणा अनोळखी माणसाला सांगत होते, "रेस देली नाही जी तिनं! मी बोंबलून राह्यलो बाजूले, रेस दे, रेस दे. पण नाही. मले गप बसवलं तिनं. बरं झालं बसवलं."

दामिनीनं सत्तारचाचांना फोन लावला. आधी आचलचं सांगितलं, मग चढाचं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"गरमीचा काटा कुठं होता, बेटी?"

"मधल्या रेघेच्या थोडा खाली. वर आल्यावर पाहिला मी."

पलीकडं फोन तोंडापासून बाजूला झाला. मग चाचा कोणाला तरी म्हणाले, बहुधा घरात, "अरे, तिनं काटाबी पाह्यला!" आणि फोनवर म्हणाले, "पाच हजार किलोमीटरवर तेल बदलायले आण. दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नको."

नितेश सातच्या सुमाराला वरूडहून पोचला, केस ओले, शर्टाला पेटीतलं गवत चिकटलेलं. लेकीच्या कपाळावर हात ठेवून तो बराच वेळ बसला. मग त्यानं बायकोकडं पाहिलं, पण खोलीचं विचारायचं धाडस त्याला झालं नाही. ते खुशालरावांनी केलं.

"मंग सूनबाई, रविवारी काय सांगतं त्या बाईले?"

दामिनी तोवर दुसऱ्याच विचारात होती. आज ती घरी होती. तिचे हातपाय चालत होते. उद्या तिलाच ताप आला तर? ती माहेरी गेली आणि आचल आजीजवळ राहिली तर?

"खोली नको सांगते," ती म्हणाली. "पण एक आहे. आईंनी जीप शिकायची. मी शिकवते, उद्यापासून."

खुशालरावांचं तोंड उघडं राहिलं. नितेश खोकल्याचा आव आणून खिडकीकडं वळला. आशाबाई पलंगाच्या पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी आधी नातीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं, मग पदर खांद्यावरून ओढून कमरेला खोचला.

"ते सीट," त्यांनी विचारलं, "आणखी पुढं सरकते का? माहे पाय पुरत नाहीत."